इस्पितळाच्या दारातली धर्मशाळा

सौराष्ट्रात जुनागढहून गिरनारकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने तिच्यावर आपल्या आज्ञा कोरविल्या. त्यांपैकी दुसऱ्या आज्ञेत माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचा उल्लेख आहे. आणि त्याला लागूनच, रस्त्यांवर विहिरी खणल्याचा व झाडे लावल्याचाही उल्लेख आहे. रोगी आणि वाटसरू एकाच आज्ञेत असे शेजारी शेजारी आले आहेत. तरीही ते दोघे वेगळे आहेत. रोगी आपल्या घरी अंथरुणावर पडलेला, आणि वाटसरू धडधाकट शरीराने रस्ता चालणारा. एकाला औषध हवे, दुसऱ्याला सावली आणि पाणी.

पुढे सुमारे दोन हजार वर्षे ही वाटणी बहुतांशी तशीच राहिली. वैद्य रोग्याच्या घरी येत असे. धर्मशाळा, घाट, अन्नछत्र हे सारे यात्रेकरूसाठी असे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्या धर्मशाळा बांधविल्या, त्या देवदर्शनाला निघालेल्यांसाठी होत्या. आजाऱ्याने प्रवास टाळावा हाच त्या काळचा शहाणपणा होता. एकोणिसाव्या शतकात मोठमोठी इस्पितळे उभी राहू लागली, विसाव्या शतकात ती एकेका रोगासाठी स्वतंत्र होऊ लागली, आणि चिकित्सेने घराचा उंबरठा सोडून शहराचा आश्रय घेतला. आता रोग्यालाच तिच्या मागे जाणे भाग पडले. अशोकाच्या शिळेवर शेजारी शेजारी उभी असलेली ती दोन माणसे अशा रीतीने एकच झाली. रोगीच वाटसरू झाला.

हा रोगी जर मूल असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण मूल एकटे प्रवास करीत नाही. त्याच्याबरोबर आई येते, बाप येतो, पुष्कळदा अंगावर पिणारे धाकटे भावंडही येते. इस्पितळात खाट मिळते ती एकाला. उरलेल्या दोघा-तिघांनी रात्री कोठे पाठ टेकावी, चूल कोठे मांडावी, आणि हाताला काम नसताना महिनेच्या महिने परक्या शहरात कसे काढावे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही जुन्या ग्रंथात आलेला नाही. तो कोणी ओळखला, केव्हा ओळखला आणि त्याला उत्तर कसे मिळत गेले, याचा इतिहास वैद्यकाच्या इतिहासाइतकाच उद्बोधक आहे. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईच्या परळ भागात लिहिले गेले.

मुंबईला इस्पितळांचे शहर हे रूप हळूहळू आले. भायखळ्याचे सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. १९२६ मध्ये परळला राजे एडवर्ड यांच्या नावाचे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले के. ई. एम., उघडले. १९२९ मध्ये त्याच परिसरात बाई जेरबाई वाडिया यांच्या स्मरणार्थ खास मुलांसाठी रुग्णालय झाले. आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे दार उघडले. या शेवटच्या वास्तूची जन्मकथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांसाठी त्या विलायतेला गेल्या आणि १९३१ साली वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे देहावसान झाले. पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. अशा रोगाच्या चिकित्सेसाठी हिंदुस्थानातील माणसाला सातासमुद्रांपलीकडे जावे लागू नये, या इच्छेतून त्यांच्या विश्वस्तनिधीने परळचे रुग्णालय उभारले. दूरच्या देशी उपचार शोधीत गेलेल्या एका कुटुंबाच्या दुःखातून ते जन्मले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. त्या कुटुंबाला वेल्सपर्यंत जाण्याची आणि तेथे राहण्याची ऐपत होती. परळला येऊ लागलेल्या बहुतेक कुटुंबांना परळमध्ये राहण्याचीही ऐपत नव्हती. चिकित्सा जवळ आली होती. मुक्काम मात्र अजून दूर होता.

पाश्चात्य देशांत याच प्रश्नाने निराळे रूप घेतले होते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर डॉक्टर चार्ल्स वेस्ट यांनी १८५२ साली १० खाटांचे मुलांचे रुग्णालय उघडले. त्याचा कित्ता गिरवीत अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८५५ मध्ये १२ खाटांचे बालरुग्णालय सुरू झाले. या संस्थांनी अगणित जीव वाचविले यात संशय नाही. परंतु जसजशी शिस्त वाढत गेली तसतसे आईबापांना दाराबाहेर ठेवण्याची पद्धत तेथे रूढ झाली. बाहेरचा माणूस रोगजंतू घेऊन येतो हे एक कारण सांगितले जाई; आई भेटून गेली की मूल रडते आणि वॉर्डाची शांतता बिघडते, हे दुसरे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातील कित्येक इस्पितळांत भेटीची वेळ आठवड्यातून एखादाच दिवस असे. मूल रडायचे थांबले म्हणजे ते रुळले, अशी परिचारिकांची प्रामाणिक समजूत होती.

या समजुतीला छेद देणारे थोडेच निघाले. न्यूकॅसल येथे डॉक्टर जेम्स स्पेन्स यांनी १९२५ पासून आपल्या लहानशा शिशुरुग्णालयात आयांना मुलांबरोबर राहू दिले आणि शुश्रूषेचा बराचसा भार त्यांच्यावरच सोपविला. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा मूक चित्रपट तयार केला. त्यात आरडाओरडा नव्हता. एक शहाणे मूल दिवसेंदिवस कसे मिटत जाते, एवढेच त्यात दिसत होते. अनेक डॉक्टरांना तो पाहवला नाही. काहींनी त्याला विरोधही केला. शेवटी १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने अहवाल दिला, आणि मुलाला आईबापांनी वाटेल तेव्हा भेटावे, लहानग्यांच्या बाबतीत आईला इस्पितळातच राहू द्यावे, अशी शिफारस केली. जी गोष्ट कोणत्याही आजीने सांगितली असती ती शास्त्राला मान्य व्हायला शंभर वर्षे लागली.

आपल्याकडची अडचण याच्या नेमकी उलट होती. येथे आईला खाटेपासून दूर करणे कोणाला फारसे जमले नाही, आणि परवडलेही नसते. येथील सार्वजनिक इस्पितळात परिचारिका थोड्या आणि रोगी फार. औषध विकत आणणे, रक्ताची बाटली मिळविणे, कागद या खिडकीवरून त्या खिडकीवर नेणे, पेज भरवणे, अंग पुसणे ही सारी कामे नातेवाइकांनीच करावयाची असतात. नातेवाईक हा आपल्या इस्पितळाचा बिनपगारी नोकर आहे. त्याच्यावाचून चालत नाही, आणि त्याच्यासाठी जागाही नाही. दिवसा त्याला दहा वेळा बोलावणे येते आणि रात्री पहारेकरी त्याला जिन्यावरून उठवतो. मग इस्पितळाच्या कुंपणाला लागून असलेल्या पदपथावर तीन दगडांची चूल पेटते, आणि ताडपत्रीच्या एका तुकड्याखाली एक संसार सुरू होतो.

हे दृश्य हजारो लोकांनी पाहिले. त्यात एक कर्तव्य दडलेले आहे हे ज्या थोड्यांना दिसले, त्यांत गाडगे महाराजांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे घेऊन महाराष्ट्रभर फिरले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडावीत, हा त्यांचा क्रम. देवळे बांधण्याची त्यांना हौस नव्हती. त्यांनी बांधल्या त्या धर्मशाळा: पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा यात्रेच्या ठिकाणी. त्यासाठी लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दाखातर गोळा झाले. स्वतः महाराज मात्र त्या धर्मशाळांत राहिले नाहीत. झाडाखाली नाहीतर एखाद्या झोपडीत पडून राहिले.

त्या धर्मशाळांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा इतरांहून वेगळी आहे. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला त्या काळी इतर धर्मशाळांची दारे बंद असत. पांडुरंगाच्या गावात येऊन त्याला उघड्या वाळवंटात रात्र काढावी लागे. ज्याला कोणतेच दार उघडत नाही त्याच्यासाठी दार बांधावयाचे, हे महाराजांच्या बांधकामाचे सूत्र तेथे स्पष्ट दिसते. आणि तेच सूत्र त्यांना आयुष्याच्या संध्याकाळी इस्पितळाच्या दाराशी घेऊन आले. १९५४ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधविली.

या घटनेचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. तोवर धर्मशाळा तीर्थाच्या ठिकाणी असे. कारण माणूस घर सोडून दूर जाई तो तीर्थाला. खेड्यातला माणूस आता आणखी एका कारणासाठी घर सोडतो, त्याचे नवे तीर्थ भायखळ्याला आणि परळला आहे, आणि तेथे तो पुण्य जोडण्यासाठी येत नसून आपल्या माणसाचा प्राण मागण्यासाठी येतो, हे त्या निरक्षर संताने ओळखले. महाराजांची म्हणून जी दशसूत्री महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे तिच्यात बेघरांना आसरा देणे आणि रोग्यांना औषधोपचार देणे ही दोन निरनिराळी कलमे आहेत. अशोकाच्या आज्ञेतल्याप्रमाणेच ती शेजारी शेजारी येतात. जे. जे. रुग्णालयाजवळच्या त्या वास्तूत मात्र ती दोन्ही एकत्र झाली. या संताच्या चरित्रात आणखी एक प्रसंग आहे. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांना आपला एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कळली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. या प्रसंगातून वैराग्याचा धडा नेहमी काढला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु आजारी मुलांच्या आईबापांनाही आसरा देणारी धर्मशाळा ज्याने बांधली तो स्वतः पुत्र गमावलेला बाप होता, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी महाराजांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने दादरला पुढे जी धर्मशाळा चालू झाली, तिचा आधार टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांना व त्यांच्या कुटुंबियांना होत आला आहे.

महाराज परळ-भायखळ्याच्या पदपथांकडे पाहत होते त्याच सुमारास, जगाच्या दुसऱ्या टोकाला या प्रश्नाचे स्वरूपच बदलून टाकणारी घटना घडून गेली होती. मुलांना होणारा रक्ताचा तीव्र कर्करोग तोवर निश्चित मरण आणीत असे, आणि तेही थोड्या आठवड्यांत. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ च्या जून महिन्यात आपला निबंध प्रसिद्ध केला. ॲमिनोप्टेरिन नावाचे औषध दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांचा रोग काही काळ तरी हटला होता. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाचे प्रमुख डॉक्टर यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र. निबंध प्रसिद्ध झाल्यावर दोनच महिन्यांनी त्यांचा मृत्यू झाला. आपल्या औषधाने पुढे काय घडविले हे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

काही काळ हटलेला रोग पुन्हा उलटे. म्हणून एका औषधाला दुसऱ्याची, दुसऱ्याला तिसऱ्याची जोड देण्यात आली. अमेरिकेत मेंफिस येथे १९६२ साली सेंट ज्यूड या नावाचे बालरुग्णालय उघडले. तेथे डॉक्टर डोनाल्ड पिंकेल यांनी सर्व उपायांची एकत्र सांगड घालून त्या दशकाच्या अखेरीस सुमारे निम्मी मुले बरी होऊ शकतात हे दाखवून दिले. भारतात १९८० नंतरच्या दशकात मुंबई, दिल्ली व मद्रास येथील केंद्रांनी आपल्या परिस्थितीला मानवेल अशी एकसारखी उपचारपद्धती अंगीकारली, आणि पूर्वी क्वचितच वाचणारी मुले येथेही मोठ्या संख्येने वाचू लागली.

या यशाचा एक परिणाम फारसा कोणी अपेक्षिला नव्हता. रोग असाध्य होता तेव्हा मुक्काम लहान होता. दोन-तीन आठवड्यांत डॉक्टर मान हलवीत आणि कुटुंब गावी परत जाई. आता रोग साध्य झाला, आणि मुक्काम लांबला. रक्ताच्या कर्करोगाचा पुरा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यातले पहिले काही महिने तर इस्पितळापासून दूर जाताच येत नाही. पण त्या सर्व काळात मूल खाटेवरही नसते. सुई घेऊन झाली की त्याला बाहेर सोडतात आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावतात. ‘घरी जा’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा घर बाराशे मैलांवर असते. शिवाय या औषधांनी शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ अगदी नाहीशी होते. अशा मुलाला पदपथावरची धूळ, गढूळ पाणी आणि डास हे मूळ रोगाइतकेच घातक ठरतात. उत्तम औषध घेतलेले मूल निवाऱ्याअभावी साध्या जंतुसंसर्गाने दगावू शकते. म्हणजे निवारा ही आता दयेची बाब उरली नाही; ती औषधयोजनेचा भाग झाली.

ही गोष्ट श्रीमंत देशालाही लगेच उमगली नव्हती. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात डॉक्टर ऑड्री इव्हान्स या मुलांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञ होत्या. जन्माने इंग्लंडातील यॉर्कच्या. आपल्या रोग्यांचे आईबाप इस्पितळाच्या खुर्च्यांत झोपतात आणि यंत्रातून मिळणारे खाणे खाऊन दिवस काढतात, हे त्या पाहत होत्या. इस्पितळाजवळ या लोकांसाठी एक घर असावे असा त्यांनी ध्यास घेतला. त्याच गावच्या फुटबॉल संघातील फ्रेड हिल नावाच्या खेळाडूच्या मुलीला, किमला, रक्ताचा कर्करोग झाला होता. तिच्यासाठी इस्पितळात रात्री काढताना त्यानेही हेच दृश्य पाहिले होते. संघाचे व्यवस्थापक जिमी मरे यांनी पुढाकार घेतला. मॅकडोनल्ड या उपाहारगृहाच्या स्थानिक शाखांनी हिरव्या रंगाच्या एका दुधाच्या पेयाच्या विक्रीचा पैसा दिला, आणि १९७४ च्या ऑक्टोबर महिन्यात एक जुने घर आईबापांसाठी उघडले. त्या उपाहारगृहाच्या विदूषकाचे नाव त्या घराला मिळाले. पुढे अशी घरे अनेक देशांत झाली. किम मोठी झाली आणि २०११ पर्यंत जगली. डॉक्टर इव्हान्स २०२२ साली वारल्या.

त्या घरातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी होती. तेथे निजायला खोल्या होत्याच, पण स्वयंपाकघर सर्वांचे मिळून एकच होते. आपले मूल कोणत्या अवस्थेत आहे हे नातलगांना समजावून सांगता सांगता थकलेल्या आईला, चुलीपाशी उभी असलेली दुसरी आई काही न सांगता समजून घेत असे. औषधाच्या कुपीत न मावणारा हा गुण होता. आपल्या धर्मशाळेच्या ओसरीवर तो पूर्वापार नांदत आला आहे.

परळमध्ये या विचाराला अनेक हातांनी आकार दिला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीने बाहेरगावच्या रोग्यांसाठी रुग्णसेवा सदन चालविले. टाटा रुग्णालयाचे नामांकित गोमंतकीय शल्यविशारद डॉक्टर अर्नेस्ट बोर्जिस यांच्या स्मरणार्थ वांद्र्याला निवासगृह झाले; रुग्णालयासमोरच्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. परंतु या सर्व जागा मोठ्या माणसांनाही हव्या असत आणि मागणी नेहमीच जागेहून अधिक राही. भाड्याने खोली शोधावी तर भाडे आवाक्याबाहेर, आणि कर्करोग स्पर्शाने होतो या खुळ्या समजुतीने घरमालक दार लावून घेत. पंढरपूरच्या वारकऱ्याने अनुभवलेला विटाळ येथे रोगाच्या रूपाने पुन्हा आडवा आला. केस गळलेल्या, तोंडाला फडके बांधलेल्या मुलाला पाहून शेजारी आपली मुले आत बोलावीत.

खास मुलांसाठी अशी जागा २००६ साली झाली. निहाल आणि श्यामा कविरत्ने या दांपत्याने ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ या नावाने मुंबईत पहिले केंद्र उघडले, तेव्हा त्यात आठ कुटुंबांची सोय होती. तेथील पद्धत साधी आहे. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची झोपण्याची जागा आणि सामान ठेवण्याचे कपाट मिळते. स्वयंपाकघर सामाईक, पण प्रत्येकीचा ओटा आणि शेगडी निराळी, कारण बंगालच्या आईला भात हवा, बिहारच्या आईला सत्तू आणि मराठवाड्याच्या आईला भाकरी. शिधा संस्थेचा, हात आईचा. पाणी शुद्ध केलेले, फरशी दिवसातून अनेकदा पुसलेली. इस्पितळात नेण्या-आणण्याला गाडी. मुलांच्या अभ्यासाची सोय. आणि या सर्वांचे भाडे काहीच नाही. मुंबईहून ही केंद्रे पुढे कोलकाता, दिल्ली, जयपूर, हैदराबाद, चेन्नई, वेल्लोर, गुवाहाटी, वाराणसी अशा जेथे जेथे मोठी कर्करोग रुग्णालये आहेत तेथे गेली. शंभर वर्षांपूर्वी तीर्थांच्या गावांची यादी केली असती तर तिच्यात यांतली थोडीच नावे आली असती. आज खेड्यापाड्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या तोंडी ती त्याच काकुळतीने येतात.

या सगळ्याने खरोखर काय साधले? इतिहासाला पुरावा लागतो, आणि तो येथे मिळतो. मुलांच्या कर्करोगात डॉक्टरांना सर्वांत जास्त सलत असे ते उपचार मध्येच सोडून जाणे. रोग बरा होण्याच्या मार्गावर असताना पैसे संपत, गावाकडे पेरणी येई, मागे ठेवलेले दुसरे मूल आजारी पडे, आणि एके दिवशी ते कुटुंब निघून जाई. टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास असे अर्धवट सोडण्याचे किंवा मुळातच नाकारण्याचे प्रमाण शेकडा २० च्या घरात होते. म्हणजे पाचांतले एक मूल. पुढील काही वर्षांत निवास, अन्न, औषधांचा खर्च, रक्त आणि समुपदेशन यांची एकत्र सोय लावण्यात आली, न आलेल्यांचा पाठपुरावा होऊ लागला, आणि हे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास आले. त्यात एकट्या निवाऱ्याचा वाटा किती हे वेगळे काढता येणार नाही, आणि काढण्याची गरजही नाही. या यशासाठी कोणतेही नवे औषध शोधावे लागले नाही. असलेले औषध मुलाच्या अंगी पुरते लागू देण्याइतका वेळ आईबापांना शहरात टिकून राहता आले, एवढेच घडले. रेल्वेनेही आपला वाटा उचलला आहे: कर्करोगाच्या उपचारासाठी जाणाऱ्या रोग्याला आणि त्याच्या एका सोबत्याला भाड्यात मोठी सवलत मिळते. रोग्याबरोबर कोणीतरी असणारच, हे त्या एका नियमाने शासनाच्या दप्तरात नोंदविले गेले.

तरीही या इतिहासाचा शेवट गोड आहे असे म्हणण्याची वेळ आलेली नाही. २०२१ साली राज्य शासनाने कर्करोग्यांच्या नातेवाइकांसाठी परळ भागात म्हाडाची १०० घरे टाटा रुग्णालयाला देऊ केली, तेव्हा शेजारच्या रहिवाशांनी हरकत घेतली आणि निर्णय थांबला. लगेचच जवळच्या दुसऱ्या जागी तितकीच घरे देण्याचे ठरले. घरे मिळाली, पण मध्ये उठलेला तो हरकतीचा आवाज जुनाच होता. शिवाय निवाऱ्याने सगळेच प्रश्न सुटत नाहीत. बाप शहरात अडकला की मजुरी बुडते, आणि गावी आजीजवळ राहिलेल्या थोरल्या मुलीची शाळा सुटते. खरा उपाय म्हणजे प्रवासच लहान करणे. वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम, पंजाबातील संगरूर अशा ठिकाणी टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये आता आहेत. बनारसच्या मुलाला परळ गाठण्याची गरज त्यामुळे कमी झाली आहे. ज्या दिवशी चिकित्सा पुन्हा घराच्या वाटेवर येईल त्या दिवशी इस्पितळाच्या दारातल्या धर्मशाळांची गर्दी ओसरेल, आणि त्याचे वाईट कोणालाच वाटणार नाही.

तो दिवस येईपर्यंत मात्र परळच्या रस्त्यावर रोज पहाटे लांबच्या गाड्यांतून उतरलेली कुटुंबे येतच राहणार. बापाच्या हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी, आईच्या खांद्यावर झोपलेले मूल, आणि एका फडक्यात बांधलेली गावची भाकर. इस्पितळाच्या दारापाशी त्यांना डॉक्टर कोठे भेटतील हे सांगणारी पाटी असते. त्याच दारापाशी रात्री कोठे राहावे हे सांगणारा कोणी भेटला, तर त्या मुलाचा उपचार तेथेच सुरू झाला असे समजावे.